काळ्या धारेवरचे एकवीस मोदक

"किती म्हणाला गुरव?" पेडणेकरनं तिसऱ्यांदा विचारलं.

"एकवीस."

"नीट आठव. अकरा नाही, एकतीस नाही?"

"एकवीस मोदक. पुढं ‘असले’ म्हणाला, आणि लाइन मेली."

पेडणेकरनं हातातली पळी पातेल्यावर आडवी ठेवली. तो आमचा लांगरी, म्हणजे फौजेतला आचारी. वेंगुर्ल्याकडचा. "असले म्हणाला? तुझ्या कानांनी ऐकलंस?"

"या दोन कानांनी."

"मग विचार कसला करतोस, नाईक? उद्या चतुर्थी आहे! देवाचा नैवेद्य मागितलाय त्यानं!"

मी टेलिफोनचा दांडा पुन्हा गरगर फिरवला. पलीकडून नुसती खरखर. डोंगरावर कुठं तरी दगडाखाली वायर दबली होती आणि आता ती उद्या दुपारपर्यंत काही बोलणार नव्हती.

पासष्ट सालच्या भाद्रपदातली ही गोष्ट. सीमेवर लढाई पेटलेली होती आणि मी पुरवठ्याच्या साठ्यावर नाईक होतो. गावातली पोरं अजून मला विचारतात, "आजोबा, तुम्ही लढाईत काय केलं?" मी सांगतो, "गूळ पोचवला." पोरांचे चेहरे पडतात. त्यांना तोफ हवी असते. मग मी त्यांना पाटीवर मांडायला लावतो : सोळा माणसं डोंगरावर बसवली, तर त्यांना रोज पीठ किती, डाळ किती, रॉकेल किती, मोजे किती, गोळ्या किती, आणि हे सगळं वर नेणाऱ्या खेचराला चंदी किती. मांडता मांडता पाटी पुरत नाही. एकदा एक पोरगी डोळे विस्फारून म्हणाली, "म्हणजे लढाई म्हणजे नुसतं ओझंच की हो!" तिला मी पैकीच्या पैकी मार्क दिले.

तर आमचा साठा खाली ओढ्याकाठी होता. वर, सहा तासांच्या चढावर, काळी धार नावाचा कडा, आणि कड्यावर आमच्या पलटणीचं सोळा जवानांचं ठाणं. ठाण्याचा प्रमुख हवालदार आत्माराम गुरव, संगमेश्वराकडचा. घरी पिढीजात देवळाची पूजा. आवाज असा, की लाइन मेली तरी त्यानं वरून नुसती हाक मारली असती तर आम्हाला ऐकू आली असती, असं पेडणेकर म्हणायचा.

आमचे कॅप्टन उथप्पा कुर्गचे. त्यांनी एक दिवस सगळ्यांना उभं करून सांगितलं, "टेलिफोन पर माल का नाम नहीं बोलेगा. दुश्मन सुनता है. कोड बनाओ."

कोड बनवला गुरवानं. त्याला म्हणे घरची आठवण येत होती. बंदुकीच्या गोळ्या म्हणजे शेंगदाणे. काटेरी तार म्हणजे चकली, कारण चकलीलाही काटे असतात. जमिनीत पुरायचे चपटे सुरुंग म्हणजे पुरणपोळ्या. आणि हातबॉम्ब म्हणजे मोदक, कारण त्याच्याही अंगावर कळ्या पाडल्यासारख्या खाचा असतात. एक मोदक म्हणजे बारा हातबॉम्बचा एक डबा.

कोड झकास होता. अडचण एवढीच, की आम्ही वर खरोखरचे शेंगदाणेही पाठवत होतो.

"मग खऱ्या शेंगदाण्याला काय म्हणायचं, सर?" मी कॅप्टनसाहेबांना विचारलं होतं. "त्याला गोळ्या म्हणू का?"

साहेब म्हणाले, "खाने का चीज़ होगा तो आगे ‘असली’ बोलेगा. असली शेंगदाणा. समझा?"

समजलं. पण आमची तोंडं पडली मराठी. असली साखर म्हणता येतं, पण गूळ आला की ‘असला’ होतो आणि शेंगदाणे आले की ‘असले’ होतात. एकदा गुरव फोनवर ओरडला, "असला गूळ परत पाठवू नका!" त्याला म्हणायचं होतं, गुळात खडे आहेत. आम्ही समजलो, खराखुरा गूळ आता नको. आठवडाभर वर गुळाचा खडा गेला नाही. नंतर त्यानं आमचा जो उद्धार केला, तो कोडमध्ये नव्हता.

एवढं होऊनही मी शहाणा झालो नव्हतो, हे आता लक्षात येईलच.

"पण पेडणेकर," मी म्हणालो, "असली-असला आधी म्हणायचं ठरलंय. तो मोदकानंतर म्हणाला."

"लाइन मरतेय म्हटल्यावर माणूस क्रम बघेल काय? आणि मला सांग, आजवर एका वेळी हातबॉम्बचे डबे किती मागितलेत त्यानं?"

"चार. एकदा पाच."

"मग एकवीस कुठून आले? एकवीस हा आकडा कोणाचा?"

"गणपतीचा," मी कबूल केलं.

"दूर्वा एकवीस, मोदक एकवीस! गुरवाचा मुलगा तो! वीस मागेल? बावीस मागेल?"

माझ्यापुढचा पेच खरा होता. सहांपैकी तीन खेचरांच्या पाठी सोललेल्या होत्या, चालण्यासारखी तीनच. हातबॉम्बचे एकवीस डबे न्यायचे तर एका खेचरावर सात, म्हणजे तिन्ही खेचरं त्यातच संपली. मग पीठ राहिलं. आणि वर पीठ उरलं होतं एक दिवसाचं. पीठ न्यायचं तर हातबॉम्ब राहिले. कॅप्टनसाहेब ब्रिगेडला गेलेले, ते उद्या संध्याकाळी येणार. पहाटे खेचरं निघायला हवीत. ठरवायचं मीच.

चुकलो तर काय, हेही मला ठाऊक होतं. काळ्या धारेच्या खाली सरळ उतार होता. चढून येणारा माणूस वरच्या बंदुकीला दिसतच नसे, आणि बंदुकीची गोळी काही वळण घेऊन खाली जात नाही. हातबॉम्ब मात्र सोडला की गडगडत त्याच्या पायाशी जातो. ते ठाणं हातबॉम्बवर उभं होतं. ते संपले आणि कोणी चढून आलं, तर सोळा माणसं आणि ठाणं दोन्ही गेलं.

"चार डबे तरी टाकतो," मी म्हणालो.

"आणि पिठाचं पोतं खाली ठेवतोस? बरं. मग त्यांना सांग, मोदक बघून पोट भरा."

मी ठरवलं. पीठ, डाळ, रॉकेल, थोडे शेंगदाणे, म्हणजे गोळ्या. आणि एकवीस मोदक. असले.

पेडणेकरनं त्याच्या ट्रंकेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सुकं खोबरं काढलं. घरून निघताना आईनं दिलेलं. तांदूळ त्यानं ओढ्यातल्या सपाट दगडावर वाटले. गुळाचं काय, हा प्रश्न होता. आमच्या साठ्यातला गूळ संपला होता, नवा परवा यायचा होता.

"खेचरांचा आहे," मी म्हणालो. चढाच्या दिवसांत खेचरांना चंदीबरोबर गूळ मिळे.

"खेचरांचा गूळ देवाला?"

"देवाला उंदीर चालतो, खेचराचा गूळ चालणार नाही?"

माझ्या खेचरीचं नाव तुळशी. तिच्या आठवड्याच्या वाट्यातला गूळ मी काढून घेतला, तेव्हा तिनं कान मागं केले. मी तिला म्हणालो, "बाई, तुझ्या नावानं नैवेद्य चाललाय." तिला पटलं नाही.

मोदक वळायला मीही बसलो. मी माण तालुक्यातला; आमच्याकडे मोदक म्हणजे तळलेला. उकडीची पारी माझ्या बोटांत फाटायची.

"दाबू नकोस रे, मेल्या! तो हातबॉम्ब नाही!" पेडणेकर खेकसला. "कळ्या काढ. हलक्या हातानं. अशा. तुमच्या देशावर बोटं फक्त नांगर धरायला दिलीत काय?"

शेवटी एकवीसच्या एकवीस त्यानंच वळले. मी वळलेले दोन त्यानं निरखून बघितले आणि पुन्हा मोडून उकडीत घातले. पातेल्यावर धोतराचं फडकं बांधून त्यानं ते उकडले, ओल्या कापडात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एकावर एक रचले आणि डबा माझ्या हाती देताना म्हणाला, "हलवू नकोस. जपून ने. सुरुंग नेतोस तसा ने."

पहाटे निघालो. दोन खेचरवाले दोन खेचरं घेऊन पुढं. तुळशी आणि मी मागं. डबा तुळशीच्या पाठीवर, पिठाच्या दोन पोत्यांच्या मधे. अर्ध्या चढावर एक झरा होता. तिथं पुढची मंडळी वळणाआड गेली होती. तुळशी पाणी प्याली. मी डबा उघडून मोदक ठीक आहेत ना ते बघितलं. ठीक होते. डबा बांधला आणि पुढं निघालो.

दुपारी वर पोचलो तेव्हा गुरव मोर्च्याच्या, म्हणजे खंदकाच्या, तोंडाशीच उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. आत कोनाड्यात चिकणमातीचा गणपती बसवलेला. सोंड टिकेना म्हणून आत टेलिफोनच्या वायरचा तुकडा घातला होता. त्याचं तांबडं टोक बाहेर आलं होतं.

"आलास, फडतऱ्या!" गुरवानं मला मिठीच मारली. "देवासारखा आलास! आणलेस?"

"आणले की, दादा."

"सगळे?"

"सगळे. गरम होते, आता निवले असतील."

तो हसला. म्हणाला, "गरम आम्ही करू!" मग त्यानं खेचरांकडे बघितलं. पिठाची पोती बघितली. रॉकेलचे डबे बघितले. तुळशीच्या मागं जाऊन बघितलं, जणू काही तिनं शेपटीखाली लपवलंय.

"कुठंयत?"

मी बिस्किटांचा डबा पुढं केला.

त्यानं झाकण काढलं. कापड उलगडलं. मला अजून दिसतं ते : उन्हात पांढरेशुभ्र मोदक, कळ्या जशाच्या तशा, आणि त्यावर वाकलेला आत्माराम गुरव. मागं उभ्या जवानांपैकी कोणी तरी हळूच म्हणालं, "आयला, उकडीचे."

"हे काय आहे?" गुरवानं विचारलं. आवाज इतका बारीक, की मी तिथंच घाबरलो.

"मोदक, दादा. तुम्ही म्हणालात ना, एकवीस मोदक, असले..."

"असले तर!" तो ओरडला. आता तो नेहमीचा गुरव होता. "असले तर! अरे, एकवीस मोदक असले तर पाठव, नसले तर असतील तेवढे पाठव! एवढं बोलत होतो मी! ‘असले तर’ हे मराठी आहे रे, गाढवा!"

"पण एकवीस हा आकडा..."

"वीस हवे होते! वीस! म्हटलं उद्या चतुर्थी, वीसच्या ठिकाणी एकवीस सांगू, शुभ असतं!"

एवढं बोलून तो मटकन एका डब्यावर बसला. खरोखरच्या मोदकांचाच डबा तो. आत नऊ हातबॉम्ब उरले होते. त्यानं मला हाताला धरून कड्याच्या काठाशी नेलं आणि दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली. खाली नाल्यात हालचाल होती. शिड्या, दोरखंड, खूप माणसं.

"दोनशे तरी आहेत. काल दुपारपासून जमतायत," तो म्हणाला. "आज सांजेला येतील, नाही तर उद्या उजाडता. नऊ हातबॉम्ब आणि तुझे हे. काय करू, सांग. गूळ-खोबरं फेकून मारू?"

मी खाली पळायला निघालो, पण त्यानं थांबवलं. "आलायस तर देवाला नैवेद्य दाखवू दे. त्याच्यावर कशाला राग काढा." आणि तो मोदक ताटात लावायला लागला. लावता लावता थांबला. पुन्हा मोजले.

"फडतरे, हे वीस आहेत."

मी मान खाली घातली. "वाटेत झऱ्यावर थांबलो होतो, दादा. तुळशीनं तोंड घातलं असणार."

"खेचरानं? देवाच्या नैवेद्यात?" गुरवाच्या घरात सात पिढ्या पूजा होती. नाल्यातल्या दोनशे माणसांपेक्षा या बातमीनं त्याला जास्त धक्का बसला असं मला वाटलं. "आठ दिवस तिचा गूळ बंद! हुकूम आहे माझा! आणि आता विसांचा नैवेद्य कसा दाखवू?"

मग तो उठला, डब्यातून एक हातबॉम्ब काढला, बाहीनं स्वच्छ पुसला, त्याला कुंकवाचं बोट लावलं आणि ताटात मधोमध ठेवला. वीस पांढरे, एक काळा.

"तोही मोदकच आहे," तो देवाला म्हणाला. "सांभाळून घे."

तेवढ्यात टेलिफोन वाजला. लाइन जिवंत झाली होती. खालून पेडणेकर. त्याच्या आवाजातला उत्साह मला बाहेरूनही ऐकू येत होता. "पोचले का मोदक? कसे झालेत?"

गुरवाचा सगळा राग त्या भोंग्यात शिरला. "पोचले!" तो गरजला. "मोदक पोचले! मोजून एकवीस! फार उत्तम आहेत! आता येऊ देत त्यांना, एकेकाच्या तोंडात एकेक कोंबतो! पोटभर चारतो! आणि आणखी पाठव! उद्याच्या उद्या आणखी एकवीस! आणि या वेळी असले नकोत!"

"असले नकोत?" पेडणेकर गोंधळला. "म्हणजे कसले?"

गुरवानं भोंगा आपटला.

मी तीन खेचरं घेऊन खाली जे धावत सुटलो, ते सहा तासांचा रस्ता चार तासांत उतरलो. साठ्यावर आलो तर पेडणेकर दगडापाशी बाह्या सारून बसलेला. "तांदूळ भिजत घातलेत," तो म्हणाला. "गुळाची अडचण आहे. असले नकोत म्हणाला, म्हणजे तळणीचे हवे असतील काय रे?"

कॅप्टन उथप्पा परत आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. माझ्या बाहीवरच्या पट्ट्यांवर बोट टेकवून म्हणाले, "पोस्ट गया तो यह भी गया. और यह तो छोटा बात है, नाईक. सोलह आदमी है."

अंधारात खेचर त्या कड्यावर चढत नाही. पहिल्या उजेडाला एकवीस डबे लादून निघालो, आणि सबंध चढभर मी वरून येणाऱ्या आवाजाची वाट बघत होतो. स्फोट नाही, गोळी नाही. शेवटच्या वळणावर मात्र आवाज आला. धडधडधड. मी जागीच बसलो. मग कान दिला. जेवणाच्या थाळ्या वाजत होत्या. वर आरती चालली होती.

गुरव शांतपणे आरती संपवून बाहेर आला, माझ्या हातावर अर्धा मोदक ठेवला आणि दुर्बीण दिली. नाला रिकामा होता. दोन मोडक्या शिड्या तेवढ्या पडलेल्या.

"काल सूर्य मावळायच्या आत गेले," तो म्हणाला. "का, ते मला विचारू नको. याला विचार." आणि त्यानं मातीच्या गणपतीकडे बोट केलं.

ठाणं राहिलं. माझ्या पट्ट्या राहिल्या. मला सात दिवस खेचरांची लीद उचलायची शिक्षा मिळाली आणि तुळशीचा गूळ आठ दिवस बंद राहिला.

पुढं युद्ध थांबलं. दिवाळीच्या दिवसांत दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांची बैठक ठरली, मधल्या मोकळ्या जागेत, पांढरं निशाण लावून. साहेबलोक टेबलापाशी नकाशावर बोटं ठेवून बोलत होते. आम्ही बाजूला चहाच्या सामानाशी. पाणी आणि भांडी तुळशीच्या पाठीवरून आणलेली. ती तिथंच बांधलेली. पलीकडचे चार जवान आणि त्यांचा एक सुभेदार, मेंदी लावलेली लाल दाढी, आमच्यासमोर बसले होते.

पेडणेकरच्या घरून फराळाचं पार्सल आलं होतं. पाहुणा तो पाहुणा, म्हणून त्यानं थाळी भरून सुभेदारापुढं धरली. "लो साब. चकली लो."

सुभेदाराचा हात हवेतच थांबला. "क्या लूँ?"

"चकली. असली है. और ये शेंगदाणा."

सुभेदारानं थाळीकडे बघितलं. मग पेडणेकरकडे. मग पुन्हा थाळीकडे. त्यानं एक चकली दोन बोटांत उचलली आणि उजेडात धरून तिचे काटे निरखले. "यह चकली है?"

"हां."

"तार नहीं?"

गुरव माझ्या शेजारी उभा होता. त्यानं माझा दंड असा धरला, की मला कळवळायला झालं.

सुभेदार हळू आवाजात, अगदी शाळेतल्या पोरासारखं विचारायला लागला. "और... मोदक?"

"मोदक खतम," पेडणेकर हळहळून म्हणाला. "वो भादों में था. चावल का, अंदर गुड़-खोबरा. ऊपर भेजा था मैंने. इक्कीस."

"इक्कीस," सुभेदार म्हणाला. त्यानं चकली थाळीत ठेवली आणि डोळे मिटले. "खाने की चीज़ थी."

मग तो बोलला. तीन आठवडे आमची लाइन ऐकायचं काम त्याच्याकडे होतं. मराठी येत नव्हती. पण तो चिकाटीचा माणूस. ज्या दिवशी वर मोदक जातात त्याच्या दुसऱ्या दिवशी हातबॉम्ब पडतात, हे त्यानं टिपून ठेवलं. डब्यात बारा असतात, हेही शोधून काढलं. "उस दिन वह आपका हवालदार चीख़ रहा था. इक्कीस पहुँच गए, इक्कीस और मँगवा रहा था. मैंने मेजर साहब को हिसाब दिया. बयालीस डब्बे. पाँच सौ चार बम. मेजर साहब बोले, पागल है क्या, कौन चढ़ेगा!"

गुरवाच्या छातीतून एक आवाज फुटला. तो हसत होता. सुभेदारही हसायला लागला. हसता हसता त्याची दाढी चहात बुडाली. टेबलावरच्या साहेबलोकांनी चिडून आमच्याकडे बघितलं.

"अपने मेजर साहब को मत बताना," गुरव डोळे पुसत म्हणाला.

"तौबा! मुझे अभी पेंशन लेनी है," सुभेदार म्हणाला. "मगर इक्कीस थे ज़रूर. मैंने अपने कानों से सुना."

"बीस," पेडणेकर म्हणाला. त्याला आपल्या मोदकांची नोंद चोख हवी असे. "एक रास्ते में खच्चर खा गया."

"कौन सा खच्चर?"

पेडणेकरनं तुळशी दाखवली. सुभेदार उठला. तिच्यापुढं जाऊन ताठ उभा राहिला आणि त्यानं तिला कडक सलाम ठोकला. "दोनों फ़ौजों में," तो म्हणाला, "एक इसी ने पहचाना कि खाने की चीज़ है." आणि चहाबरोबर मिळालेला आपल्या वाट्याचा गुळाचा खडा त्यानं तिच्या तोंडापुढं धरला.

तुळशीनं तो खाल्ला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरव तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणाला, "आठ दिवस उगाच उपाशी ठेवली हिला. चुकलं माझं." तुळशी गूळ चघळत मान वळवून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

त्या आठ दिवसांत माझ्या वाट्याचा गूळ मी रोज तिला चारत होतो, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. गुरव गेला, पेडणेकरही गेला. आता सांगायला हरकत नाही. त्या दिवशी झऱ्यावर मी डबा उघडला, तेव्हा वरच्या मोदकाची एक कळी जरा मोडलेली होती, आणि पहाटेपासून माझ्या पोटात काही नव्हतं.

फार उत्तम झाला होता.